मारिओची माणसं

सोमवार, १४ ऑक्टोबर १९९१
रीडिंगहून निघून दुपारी वेल्समधल्या या समुद्रकाठच्या गावात पोचले. ऊन काय छान पडलंय! मारिओ गेल्यापासून पहिल्यांदाच एकटी बाहेर पडलेय. त्याचे आजोबा इटलीतून इथे आले, आइस्क्रीम विकून संसार उभा केला. मारिओने मराठी मुलीशी लग्न केलं म्हणून घरच्यांनी त्याचं नाव टाकलं. त्यांच्यातलं कुणी मी कधी पाहिलंच नाही. आता टोरांटोहून अजय विचारतो, बाबांची माणसं कोण होती? इथल्या कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, सगळ्यांच्या नोंदी आहेत म्हणे. मिसेस प्यूंच्या घरगुती लॉजमधली खोली उबदार आहे. जेवायला मात्र मी एकटीच होते.

मंगळवार
फादर ओवेननी चर्चमागची खोली उघडून दिली. मारिओच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली! त्याच्या नावावरून बोट फिरवत बसले. सांगायला शेजारी कुणी नव्हतं.
दुपारी मान वर केली, तर खिडकीपाशी काळ्या कपड्यातल्या एक आजी विणत बसलेल्या. नाव सांगितलं, आसुंता, मारिओच्या आत्या. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, तू आमची सून. इतक्या वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. रडलेच.

बुधवार
आत्या बोलत राहिल्या, रजिस्टरं उघडलीच नाहीत. लहानपणी मारिओ लाटांना घाबरून त्यांच्या पदराआड, म्हणजे स्कर्टमागे लपायचा. आज त्यांचे दोघे भाऊही आले. माझ्या दोन बाजूंना बसले. सगळ्यांचे हात किती गार!
निघताना फादरना म्हटलं, मारिओच्या घरच्यांनी फार माया लावली. ते म्हणाले, त्या घरातलं आता कुणीच उरलेलं नाही. शेवटी आसुंता गेली. तिला फादरनी स्वतःच माती दिली होती.

गुरुवार
चर्चकडे फिरकले नाही. दिवसभर समुद्रावर चालले. मग फोनबॉक्समधून अजयला फोन केला. म्हटलं, उद्या घरी जाते.
त्याने विचारलं, "आई, एवढी माणसं कोण आहेत तुझ्याबरोबर?"
"कुणी नाही रे. एकटीच आहे."
"मग इटालियन कोण बोलतंय?"
फोन ठेवला. मागे वळून पाहिलं नाही.

शुक्रवार
सकाळी मिसेस प्यूंनी मोठं टेबल मांडलेलं. म्हणाल्या, काळ्या कपड्यातल्या बाई सांगून गेल्या, आम्ही सगळे आमच्या सुनेबरोबर खाणार.
बॅग भरली. चहाही न घेता—

स्टेशन
वेटिंग रूममध्ये सगळे आहेत. म्हातारे, बायका, मांडीवर पोरं. मला पाहून बाकावर सरकले, जागा केली. मी बसले. का बसले?
रीडिंगची गाडी आली. उठताच येईना. गेली.
आत्यांनी डावा हात धरलाय. खांद्यापर्यंत बधिर—
रागावता येत नाही त्यांच्यावर. घरी तरी कोण आहे माझं वाट बघणारं—

आत्या म्हणतात, बघ, कोण आलंय.
दारात पाठमोरा. मारिओचा तपकिरी कोट. मी तर तो चॅरिटी शॉपला देऊन टाकला—
हाक मारली.
वळतोय.
हा मारिओ नाही—