अंबूला विचारलं नव्हतं

नेवासे, ४ फेब्रुवारी १९४६

ती. नृसिंहदादांस शामकांतचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. लोणच्याची बरणी रिकामी झाली, एवढं वहिनींच्या कानावर घालावं.

नदीकाठचं आपलं शेत हवं म्हणून शेजारच्या आसारामनं कडबा पेटवायची धमकी दिली होती. मी चावडीवर सांगितलं, गाव पाठीशी राहिलं, तो गप्प बसला. काल मात्र हसत आला. मास्तर, जामखेडला गेल्तो म्हणाला; तुमच्या बहिणीचं पहिलं लगीन तिथं झालं हुतं, अकराव्या वर्षी नवरा गेला, हे कोपरगावच्या सासरी ठाऊक हाय का म्हणून विचारलं. शेत लिहून द्या, न्हाईतर ताईंच्या घरी जाऊन येतो म्हणाला. आवाजसुद्धा चढवला नाही. मागच्या वेळी मला संताप आला होता. या वेळी मी आधी दार लावून घेतलं. तुम्ही वकील. हाही गुन्हाच ना?

आपला, शामकांत

नगर, ८ फेब्रुवारी

चि. शामकांतास अ. आ.

कायद्याला दोन्ही एकच : भीती घालून दुसऱ्याचं उपटणं. फरक आपल्याला पडतो. कडब्याच्या वेळी तू चावडीवर गेलास; आता भीती चावडीचीच आहे. फिर्याद करायची तर अंबूची गोष्ट भर कोर्टात आपणच सांगायची. शेत देऊनही सुटका नाही. कडबा एकदाच जळतो. हे घेऊन तो दरवर्षी दारात येईल.

ते लग्न लपवायचं आईनं नि मी ठरवलं. अंबूला कुणी विचारलं नव्हतं. उद्या कोपरगावी जाऊन विचारतो. तोवर सही करू नकोस.

तुझा, दादा

कोपरगाव, २ मार्च

ती. दादांस अंबूचा कृ. शि. सा. न.

तुम्ही गेल्यावर मी यांना सगळं सांगितलं. पहिल्या लग्नाचं त्यांना तितकं लागलं नाही. इतकी वर्षं बोलले नाही, ते लागलं. सासूबाईंनी मला स्वयंपाकघर बंद केलं. मी मागच्या पडवीत असते.

नंतर आसाराम आला. यांनी ऐकून घेतलं, आम्हाला ठाऊक आहे म्हणाले आणि त्याला वाटेला लावलं. आता माझ्याशी बोलतील असं वाटलं. आत आले, पाणी प्यायले, पडून राहिले.

शामला म्हणावं, शेत खुशाल नांगर. मला न्यायला येऊ नका. माझ्या रवीला ही माणसं माझ्याबरोबर सोडणार नाहीत. आईचं पान वेगळं का, म्हणून तो रोज विचारतो. मोठ्यांना सांगून झालं. त्याला काय सांगावं, ते सुचत नाही.

माया आहे तशी राहू द्यावी.

अंबू