दुकान बंद होण्याआधीचे मंगळवार

सोमवार, ९ सप्टेंबर

महिनाअखेरीस दुकान बंद! आमच्या मालकानं, लायलनं, सकाळी कॉफी ओतता ओतता सांगितलं, जणू दूध संपलंय असं. "अगं डार्लीन, कंपन्या आता इंटरनेटवरून थेट विकतात. मधे आपण कशाला? आणि माझे गुडघे बघ." बघितले. खरंच वाईट आहेत.

पण गॅरेजात स्वतःचं विमान बांधणाऱ्या या वेड्यांनी आता रेडिओ घ्यायचा कुणाकडून? आणि भलतीच वायर जोडून धूर निघाला की फोन करायचा कुणाला? आजवर मला करायचे. लायल विकतो, मी फोनवर निस्तरते.

रडले नाही. संध्याकाळी ॲपल पाय बेक केला, अर्धा खाल्ला.

मंगळवार, १० सप्टेंबर

मंगळवार म्हणजे मेरिटराव. साउथ डकोटाहून फोन ठरलेला. कित्येक वर्षं झाली, पण माणूस मी अजून पाहिलेला नाही. बायको वारली, ट्रॅक्टर दुरुस्त करतात, घरामागच्या शेडमध्ये विमान बांधतायत—एवढं ठाऊक. आवाज असा, की ऐकणाऱ्यानंही घाई करू नये.

आजचा प्रश्न: दिव्याची वायर अँटेनाच्या वायरीजवळून नेली तर चालेल का? नाही चालणार, रेडिओत गुणगुण येईल. एवढं सांगायला एक मिनिट लागलं. मग त्यांचे टोमॅटो, माझं मांजर, डकोटातला वारा. लायल समोरून हातानं खुणा करत होता—फोन ठेव! मी पाठ फिरवली.

दुकानाचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगवेना.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

सेल सुरू. ही गर्दी! आधी आला असतात तर दुकान चाललं नसतं का बाबांनो?

आज मोठी मजा झाली. एका गिऱ्हाइकाची मेहुणी शिकागोहून आलेली. सहज त्याला विचारलं तिनं, "मग, तुमचं विमान कधी उडणार?" अख्खं दुकान चिडीचूप! लायलच्या हातातला स्क्रूंचा डबा पडला. मेहुण्याचे कान लाल. मी तिला बाजूला घेतलं. "अहो, आमच्यात माणसाला वय विचारावं, वजन विचारावं, पण हे नाही." एकेकाला वीस वीस वर्षं लागतात. काहींच्या बायका कंटाळून निघून गेल्या, विमान तसंच बिनपंखांचं. वर आणखी कशाला टोचायचं? मी इतक्या वर्षांत एकालाही विचारलेलं नाही.

ती म्हणाली, "सगळेच वेडे आहात तुम्ही." हो, आहोत.

मंगळवार, १७ सप्टेंबर

सांगितलं. मेरिटरावांनी टोमॅटोचं बोलणं तिथंच सोडलं.

"मग तुम्ही कुठं जाणार?"

"घरी. मांजर आहे ना."

"नाही, म्हणजे... मला काही विचारायचं झालं तर?"

आता इथं शहाण्या बाईनं काय करावं? मी त्यांना कॅन्ससमधल्या एका दुकानाचा नंबर दिला! पत्त्यासकट! वर मीच म्हणाले, "तिथला मुलगा फार हुशार आहे." ते म्हणाले, "बरं." एवढंच.

फोन ठेवल्यावर कपाळावर हात मारून घेतला. मला कॅन्ससचा मुलगा नकोय त्यांच्या मंगळवारात. मला त्यांचा फोन हवाय. लिहून टाकलं एकदाचं.

रविवार, २२ सप्टेंबर

आरशासमोर सराव केला: "मेरिट, माझा घरचा नंबर लिहून घ्या." मांजर उठून निघून गेलं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

शेवटचा मंगळवार. प्रश्न काय, तर बॅटरीची लाल वायर नक्की कुठल्या टोकाला लावतात! मला हसूच आलं. इतकी वर्षं वायरींत घालवून हा प्रश्न? वय झालं असेल बिचाऱ्यांचं, असं म्हणून नीट समजावलं. त्यांनीही नीट ऐकून घेतलं.

मग नंबर सांगायची वेळ आली. म्हटलं काय, तर "शनिवारी दुकानासमोर, विमानं उतरतात त्या मैदानावर निरोपाचा नाश्ता आहे. पॅनकेक. या ना."

"लांब आहे हो डार्लीनबाई. गाडीनं अख्खा दिवस जाईल."

"हो, ते आहेच म्हणा."

"बघतो."

ठेवला फोन.

लायलनं विचारलं, "दिलास नंबर?"

"नाही."

"अगं, तुझ्यापेक्षा अर्धवट विमानं लवकर पूर्ण होतात."

चिडले. मग दोघंही हसलो.

शनिवार, २८ सप्टेंबर, सकाळी

रिकाम्या दुकानात लपून लिहितेय. बाहेर ऊन छान पडलंय, मेपल सिरपचा वास सुटलाय, लायल तव्यामागे राजासारखा उभा. आमची गिऱ्हाइकं आपापली विमानं घेऊन एकेक उतरतायत. खांबावर रेडिओला जोडलेला कर्णा लावलाय, त्यातून विमानातल्या सगळ्यांचे आवाज ऐकू येतात—मी अमका, इकडून आलो, उतरतोय. प्रत्येकाला मी कधी ना कधी फोनवर ओरडलेय. सगळ्यांनी मिठ्या मारल्या.

गाड्यांच्या रांगेत तीनदा चक्कर मारून आले. डकोटाची नंबरप्लेट एकाही गाडीला नाही. चला, पीठ संपत आलं असेल.

शनिवार, संध्याकाळी

आले! गाडीनं नव्हे!

मी भांडी आवरत होते आणि कर्ण्यातून तो आवाज. आधी रीतसर—पिवळं विमान, पश्चिमेकडून येतोय. मग बोलायचं बटण अडकलं असणार, कारण आवाज थांबेचना. "नमस्कार डार्लीनबाई, मी मेरिट... छे, असं नको! डार्लीनबाई, रागावू नका, हे विमान सहा वर्षं झाली उडतंय. ते वायरींचे प्रश्न मी सोमवारी बसून तयार करायचो... छे! अरे, सरळ जेवायला येता का विचार ना, मूर्खा!"

सगळं मैदान घास हातात धरून ऐकतंय. त्यांना सांगणार कसं? बटण सुटेपर्यंत त्यांना कुणाचंच ऐकू येणार नव्हतं. लायलच्या तव्यावर धूर.

उतरले. टोपी हातात घेऊन थेट माझ्यापुढे.

"नमस्कार डार्लीनबाई, मी मेरिट—"

सगळं मैदान एका सुरात ओरडलं, "छे, असं नको!"