वीतभर वाळू

३ फेब्रुवारी, रविवार
समुद्री माशांच्या टाकीत आज वीतभर जाड वाळू भरली. मेव्हण्याचं म्हणणं, तळ मोकळा ठेवा, नळीने घाण ओढून काढता येते. त्याची टाकी म्हणजे ऑपरेशन थिएटर. समुद्राच्या तळाला कोणी काच बसवलीय का, असं विचारलं. गप्प बसला. (त्याला तेवढ्यात फोन आला होता. पण गप्प बसला हे खरं.)
वाळूचं शास्त्र सोपं. खालच्या थरातले जंतू घाण फस्त करतात, आपण ढवळाढवळ करायची नाही. माझ्या स्वभावाला साजेसा छंद. काचेवर कागद लावला: ‘वाळूत हात घालू नये.’ बायकोने विचारलं, हे कोणासाठी? म्हटलं, तुम्हा मायलेकींसाठी.

१५ जून, शनिवार
वाळू मुरली. आधी सोडलेले दोन झिंगे मजेत आहेत. लेकीच्या वाढदिवसाला मासा आणला. बोटभर, पिवळाधमक. तिने नाव ठेवलं हळकुंड. दुकानदार बराच वेळ काहीतरी समजावत होता. मी मान डोलावली. जाणकाराला सगळं ऐकावं लागत नाही.
टाकीत सोडताच हळकुंडाने वाळूत सूर मारला.

१६ जून
दिसत नाही. काळजी नाही.

१७ जून, सकाळी ७
काळजी नाही.

७.१०
कालथा कुठे ठेवतात?

त्याच दिवशी, दुपार
ऑफिसला दांडी. याला ढवळाढवळ म्हणता येणार नाही, चाचपणी केली. वाळूखालून काळा लगदा उसळला आणि सडक्या अंड्यांचा वास घरभर. शेजारीणबाई नाकाला पदर लावून गॅस बंद करा म्हणून सांगून गेल्या. दोन्ही झिंगे गेले. हळकुंड धापा टाकत वर आलं. नवा मासा आठवडाभर वाळूत दडतो, असं दुकानदारकाका म्हणाले होते, हे लेकीने हुंदके देत सांगितलं.
मेव्हणा स्वतःच्या टाकीतलं पाणी बादलीत घेऊन धावत आला. हसला नाही. तेच जास्त लागलं.

१९ जून
वाळू काढली. तळ मोकळा. खरं तर माझा कल पहिल्यापासून इकडेच होता. निश्चय: रोज सकाळी नळीने सफाई. मेव्हण्याला फोनवर मोकळ्या तळाचे फायदे समजावले. तो हो हो म्हणाला.
लेक माझ्याशी बोलत नाही.

२० जून
नळी तोंडाने ओढली. समुद्राची चव कळली.

२४ जून
नळी उद्यापासून. कंबर धरलीय.

२८ जून
नळी सोमवारपासून. हळकुंड संध्याकाळ झाली की तळाच्या काचेवर नाक घासत फिरतं. त्याला अंथरूण सापडत नाहीये, असं लेकीने आईला सांगितलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात. सवय होईल, म्हणालो.
त्याने खाणं सोडलंय. मलाही जेवण गेलं नाही. ते मेलं तर लेक मला कधी माफ करणार नाही, याची भीती वाटते. इथे लिहितो, बोलणार नाही.

२ जुलै
तळाशी घाणीचा मऊ थर साचलाय. नैसर्गिक आहे. वाळू आणि मोकळा तळ यांतला सुवर्णमध्य बहुधा मलाच सापडला.

५ जुलै
घरी आलो तर टाकी लख्ख. मामा-भाचीने परस्पर नळी फिरवली होती. कोपऱ्यात प्लास्टिकचा चौकोनी डबा, काठोकाठ नव्या वाळूने भरलेला. मोकळा तळ म्हणजे मोकळा तळ, हे तत्त्वात बसत नाही, असं ठणकावून सांगणार होतो. तेवढ्यात हळकुंडाने खाण्याचे दोन दाणे गिळले आणि डब्यात सूर मारला. लेक टाळ्या पिटत माझ्याच गळ्यात पडली. आपण अबोला धरलाय हे तिच्या मागाहून लक्षात आलं, तरी लगेच सोडलं नाही.
डबा माझा. ऑफिसचा.
तो जुना कागद परत लावायचा, असा तिचा हुकूम. अक्षर माझंच, फक्त सुरुवातीला तिने एक शब्द वाढवलाय: ‘बाबांनी वाळूत हात घालू नये.’
चिकटपट्टी मी कापून दिली.