काळ्या कमानीचा डावा पाय

पिको बेट,
१८ फेब्रुवारी १९९८

प्रिय झेफेरीनो,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या ओदेतच्या गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं; अमेरिकेत जिने फार, तिला म्हणावं हळू चढ. इकडे आम्ही बरे. मळ्यातल्या काळ्या दगडांच्या भिंती वाऱ्याने दोन ठिकाणी ढासळल्या, त्या रचून घेतल्या. यंदाची वाइन आंबट आहे, पण पिणारे तक्रार करत नाहीत.

गेल्या आठवड्याच्या वादळात आपल्या किनाऱ्यावरची काळी कमान पडली. लाव्हाची एवढी जाड कमान, पण लाटांनी आतून पोखरलीच होती. सकाळी सगळं गाव धक्क्यावर. म्हातारा इनासियो म्हणाला, "पाय राहिले, कंबर गेली. माझंच झालं की रे!" सगळे हसले. मीही हसलो. मग घरी येऊन नुसता बसून राहिलो.

तू लिहितोस, "समुद्रात माझ्या हाताला यश नव्हतंच, दादा. आता कुठल्या तोंडाने गावात येऊ?" या वाक्यापासून मला जेवण जात नाही.

बाबांनी जाताना मासळीच्या जागेची खूण मला सांगितली, आणि म्हणाले, धाकट्यालाही सांग. मी तुला सांगितलं: समुद्रातून बघताना चर्चचा घंटामनोरा कमानीच्या मधोमध आला की गळ सोड. दोन वर्षं तू तिथेच सोडलेस. खाली लाव्हाचे सुळके. गळ अडकायचे, दोर तुटायचे. दारूच्या दुकानात लोक ओरडायचे, "काय झेफे, आज डोंगर किती किलोचा लागला?" मी कोपऱ्यात असायचो. कुणाला गप्प केलं नाही.

झेफे, मनोरा मधोमध नाही, कमानीच्या डाव्या पायाला टेकायला हवा. तिथे खालचा खडक संपतो आणि मासा असतो. बाबांनी मला हेच सांगितलं होतं. माझ्या तीन होड्या त्यावरच झाल्या. तू अमेरिकेला निघालास तेव्हा सुकवलेला मासा बांधून दिला ना, तोही तिथलाच.

तुझ्या हाताला यश होतं. जागाच मी खोटी दिली.

परवा दुकानात सगळ्यांसमोर हे सांगितलं. कोणी हसलं नाही. इनासियोने आपला पेला उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

कमान गेली, डावा पाय अजून उभा आहे. काल होडी नेऊन पाहिलं: मनोरा बरोबर टेकतो. फार तर दोन हिवाळे टिकेल. येशील का? वल्ही मी धरीन, गळ तू सोड.

ज्याला तू अजून दादा लिहितोस, तो

लाउरेआनो