गिळल्यानंतरचा रकाना

मी, प्रियदर्शनी धम्मपाल बनसोडे, वय २९, कुपवाडच्या मद्य कारखान्यात रसायनतज्ज्ञ, राहणार विश्रामबाग, सांगली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. सोमवारी मिरजेत माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, शंभरात पंच्याण्णव बरे होतात. हा कागद उरलेल्या पाचांसाठी. थकले आहे, म्हणून थोडक्यात.

१. बँकेतील ठेव, पुस्तके व लुना धाकटी बहीण स्वप्ना हिला. थंडीत चोक ओढल्याशिवाय लुना सुरू होत नाही. उगाच पेडल मारत बसू नये.

२. चव घेण्याचा माझा निमुळत्या तोंडाचा पेला ब्लेंडिंगचे प्रमुख हंबीरराव यांना. सात वर्षे मी नमुना हुंगून, तोंडात फिरवून थुंकत आले आणि ते सगळ्यांदेखत म्हणत आले, "आवं मॅडम, थुकून कुटं चव कळती व्हय? लग्नातलं जेवान बी थुकताय का?" चव कळते. पेला वापरण्याआधी तोंडातली तंबाखू थुंकावी; तेवढे थुंकणे त्यांना जमते.

३. चवीच्या अकरा वह्या वडिलांना, म्हणजे आबांना. आबा तासगावात वस्तीच्या विहारात पंचशील सांगतात. त्यांचे वडील दारूने गेले. मी ही नोकरी धरली तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या घरचं पाणी बी मला नगं." सात वर्षांत घेतलेले नाही. पाणी नाकारण्याचा अर्थ आमच्या घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक पानावर रंग, वास, चव हे रकाने भरलेले आहेत. शेवटचा रकाना 'गिळल्यानंतर'. तो कोरा आहे. मद्य न घेण्याचे पाचवे शील मी मोडले नाही. अपवाद एका पानाचा.

४. ते पान: वही अकरावी, पान ४२, दि. ९ ऑगस्ट १९९६. मालक लालासाहेब यांनी स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली सिंगल माल्ट व्हिस्की आणली. बारा वर्षे साध्या लाकडी पिंपात, शेवटचे काही महिने शेरी वाइन मुरलेल्या पिंपात ठेवलेली. "असली आपल्याला जमंल का, तेवढं सांगा," म्हणाले. रंग काकवीचा. वास द्राक्षे वाळवायच्या शेडमधल्या अर्ध्या सुकलेल्या बेदाण्याचा, मागे संत्र्याची साल. चव दाट, जिभेला चटका देणारी. थोडे पाणी घातल्यावर गोडी वर येते. पण त्या दुसऱ्या पिंपाने काय केले ते घशाखाली कळते. न गिळता उत्तर देणे म्हणजे अंदाज ठोकणे झाले असते. मी एक घोट गिळला. ऊब पन्नास सेकंद टिकली, शेवटी अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा. रकाना भरला. खाली लिहिले, 'जमणार नाही.' उरलेली बाटली लालासाहेबांना परत द्यावी. बर्फ घालू नये.

५. माझ्या खोलीत माठ आहे. पान ४२ सकट वह्या वाचून झाल्यावर आबांना योग्य वाटले, तर त्यांनी त्यातले पेलाभर पाणी घ्यावे. न वाटल्यास माठ स्वप्नाला.

मी शस्त्रक्रियेतून उठले तरी कलम ५ लागू राहील. कायद्यात असे बसत नाही, हे वकिलांनी सांगितले आहे. तरीही लिहिले आहे.

सही: प्रियदर्शनी बनसोडे
सांगली, शुक्रवार, दि. १३ सप्टेंबर १९९६

आमच्यासमक्ष सही केली:
१. राजेश्वरी सयाजी पाटणकर, प्रयोगशाळा सहायक
२. शिवतेज जोतिबा माळवदे, शेजारी