काविळीची माळ

बाबा, परवा खडा सापडला आणि आज तो निघालासुद्धा! मटाराएवढाही नसेल, पण पित्ताच्या नळीत असा ठाण मांडून बसला होता की स्क्रीनवर पांढरी कड चमकली आणि तिच्यामागे काळी सावली पडली. मी "सापडला!" म्हणून ओरडलेच. उमरखेडला सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना हे काही शोभत नाही. पण तुम्ही असतात, तर हातातला पाना टाकून बघायला आला असतात.

पेशंट आपल्या ढाणकीचाच. डोळे हळदीसारखे पिवळे आणि गळ्यात ती काड्यांची माळ, तुम्हाला घातली होती तशीच. रोज थोडी लांबते, पायांपर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायची. जेल लावायला मी ती बाजूला सारली, तर त्याची बायको धावतच आली. "मॅडम, तोडू नोका! बेंबीपर्यंत आली. गुडघ्याले लागू द्या, मंग पाहू दवाखान्याचं." मला इतका राग आला की शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात तुमचं दुकान आठवलं. समोर घरघरणारा मोटारपंप आहे, पेचकसाचं टोक त्याच्यावर, मूठ तुमच्या कानाला, डोळे मिटलेले. मी दहा वर्षांची, उतावळी, बोल्ट सोडवायला घेते. तुम्ही खेकसता, "खोलाची घाई कायले? आधी आयक, मंग पाना लाव!" आणि पंप न उघडता सांगता की बेअरिंग गेलं. उघडल्यावर तेच निघतं. बाबा, मी आता दिवसभर हेच करते, फक्त कानाऐवजी डोळ्यांनी.

म्हणून मी आधी ऐकून घेतलं. मग स्क्रीन त्या बाईकडे वळवली. ही नळी, ती इथे फुगली, हा खडा. पित्त इथेच अडलंय. काड्या वाळल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते, खडा मात्र जागचा हलत नाही. तिनं स्क्रीनवरच्या खड्यावर बोट टेकवलं. "मंग माळेचं काय करू?" मी म्हटलं, "राहू द्या. माळ घालूनच नांदेडला न्या, पण आजच न्या." आणि गेले हो ते! आज त्याचाच फोन आला. दुर्बीण घालून खडा काढला म्हणे. "डबीत ठेवला मॅडम, तुमाले दाखवाले आणून राह्यलो." मी तेव्हापासून खोलीभर नुसती फिरतेय.

तुमच्या पोटात काय होतं, ते कोणी पाहिलंच नाही. खडा असेल, नसेलही. आई यवतमाळला चला म्हणायची. तुम्ही म्हणायचात, माळ थांबली तर जाऊ.

बाबा, ती थांबली होती. दोन दिवस बेंबीशीच होती. तुमचा उतरलेला चेहरा मला बघवेना. दुपारी तुमचा डोळा लागला, तेव्हा मी ती हळूच ओढून वीतभर लांब केली. आईला हे मी आजवर सांगितलेलं नाही. उठल्यावर तुम्ही तिला केवढ्या आनंदानं दाखवलीत, "पाह्य, उतरून राह्यली!" आणि यवतमाळ राहून गेलं.