रेडिएटरमधली हवा

४ नोव्हेंबर
लागली बाई एकदाची नोकरी! आजपासून या भाड्याच्या इमारतीची मी व्यवस्थापक. तळघरातला बॉयलर सांभाळायचा, त्याच्या पाण्यावर तापणारे खोल्याखोल्यांतले लोखंडी रेडिएटर गरम ठेवायचे आणि भाडेकरूंची कुरकुर ऐकायची. पगार यथातथाच, पण तळमजल्यावरची खोली फुकट, तीही उबदार. आईच्या दम्यासाठीच हा सगळा खटाटोप. डॉक्टरांनी बजावलंय, आणखी एक हिवाळा गारठ्यात काढला तर ती हाती लागायची नाही. आल्या आल्या ती रेडिएटरला पाठ टेकून बसली आणि डोळेच मिटले. मला तर रडू आलं.

मालकीणबाई किल्ल्या देताना म्हणाल्या, बॉयलर कधीच बंद करायचा नाही, उन्हाळ्यातसुद्धा. मी मनात म्हटलं, बिल तुम्ही भरताय, माझ्या बापाचं काय जातंय!

७ नोव्हेंबर
आज सगळ्या रेडिएटरांची हवा काढली. हवा अडकली की रेडिएटर वरच्या बाजूला गार पडतो. बाजूचा स्क्रू चावीने सैल केला की ती सूंऽऽ करत बाहेर येते. मागून पाणी आलं की आवळायचा. पाणी काळपट निघेल असं वाटलं होतं. निघालं पिवळट, वर तेलकट तवंग, आणि वास न धुतलेल्या डोक्यासारखा. शी! आईच्या पाठीवरही तसाच चिकट थर होता, तो गरम पाण्याने पुसून काढला.

दुसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले की आधीचा माणूस हवा कधीच काढायचा नाही, मालकीणबाई काढूच देत नसत. मला कुणी बोललं नाही ते. कामचुकाराला निमित्तच हवं असतं, दुसरं काय.

१२ नोव्हेंबर
तळघरातल्या पाइपांवर मेणासारखा थर साचलाय. सुरीने खरवडायला गेले तर मऊ लागला. त्यात केस होते. पांढरे, काळे, एक लांबसडक. खरवडलेली जागा बघता बघता लाल झाली आणि तिला ओल सुटली. साबणाने हात घासघासून धुतले तरी वास जाईना. जेवणावरची वासनाच उडाली.

एक मात्र बरं झालं, आईची घरघर पुष्कळ कमी आहे. तिला रेडिएटरपासून उठवायला गेलं की लहान मुलासारखी रुसते.

१५ नोव्हेंबर
शिंपीकाकांचा रेडिएटर परत गार. काका त्यालाच पाठ लावून शिवत बसले होते, सदरा तेलाने थबथबलेला. मी तिथल्या तिथे स्क्रू सैल केला. हवेला लवंगेचा वास आला. काका दिवसभर लवंग चघळतात. हवा निघत गेली तसे त्यांचे गाल आत ओढले गेले, हातातली सुई गळून पडली. अशक्तपणा आलाय म्हणाले. मी त्यांना दूध देऊन आले. आणखी काय करणार?

१८ नोव्हेंबर
काका खोलीत नाहीत. सदरा रेडिएटरला चिकटलेला. ओढला तर मागून कातडं आलं, पांढऱ्या केसांसकट, आणि कोमट. तिथेच भडभडून ओकले.

मालकीणबाई जराही दचकल्या नाहीत. मी कितीदा हवा काढली एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, बाहेर सोडलं तेवढं घर कुणाकडून तरी भरून घेतं. रेडिएटरला टेकलेल्या माणसाकडून आधी. म्हणून ते स्क्रू उघडायचे नसतात. आता सांगताय? मेलीने आता सांगितलं!

१९ नोव्हेंबर
आईला ओढून काढायला गेले. पाठ सुटत नाही. कातडी ताणली जाते, भिजवलेल्या कणकेसारखी— मधे तो पिवळा चिकट रस. आई म्हणते, राहू दे गं, ऊब आहे.

तिची छाती हलत नाही. घरघर रेडिएटरमधून येते. दोन आखूड, एक लांब, मग खोकला. लहानपणापासून ऐकतेय मी तो, मला चकवायचा नाही.

२० नोव्हेंबर
बॉयलर बंद केला. आई निळी पडली. धावत जाऊन परत लावला.

बंद करता येत नाही. चालू ठेवावा तर— शी, या उबेचीच किळस येते. नाकात, तोंडात, अंथरुणात तोच वास.

२१ नोव्हेंबर
वरचे भाडेकरू दाराशी. रेडिएटर गार आहेत, हवा काढा. मी म्हटलं, हात लावू नका, पाया पडते तुमच्या. हसले. चावी बाजारात मिळते म्हणाले, आम्हीच काढतो—

नंतर
वर कुणीतरी स्क्रू फिरवतंय. सूंऽऽ— दोन आखूड, एक लांब— जिन्यात आईच्या छातीवरच्या बामाचा वास—

ओरडले. कुणी ऐकत नाही. दुसऱ्या खोलीतही— सूंऽऽ— आईचे गाल आत चाललेत, काकांसारखेच—

तिच्याशेजारी बसलेय. पाठ टेकवली. घे, माझा श्वास घे, तिला सोड—

चिकट आहे. शी. काहीतरी पाठीवरून चाटतंय— आईची छाती हलली! हलली, देवा—

शी, किती घाण ऊब ही, आणि किती बरं वाट—